कोल्हापुरातील आमचा जलरंग गट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगा घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठी आम्ही चित्रे काढत बसलेले असताना थांबून पाहणारे लोक, तसेच गटात येऊ इच्छिणारे नवे सदस्य, साधारणपणे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. कागद, काळा दगड आणि पावसाळा या तीन विषयांवर आमच्यापैकी कोणालाही थोडक्यात बोलता येत नाही, हे त्याचे कारण.

हा गट म्हणजे चित्रकलेचा क्लास आहे का?

नाही. येथे नेमलेला शिक्षक नाही, अभ्यासक्रम नाही आणि प्रमाणपत्रही मिळत नाही. रविवारी सकाळी ठरलेल्या जागी जमायचे, समोर जे दिसते ते जलरंगात रंगवायचे आणि उठण्यापूर्वी सर्वांची चित्रे शेजारी शेजारी मांडून त्यांवर बोलायचे, एवढेच गटाचे काम आहे. ज्यांना पायापासून पद्धतशीर शिक्षण हवे आहे त्यांच्यासाठी कोल्हापुरात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांसारख्या जुन्या संस्था आहेत, आणि त्या मार्गाने जाणाऱ्यांना आम्ही तसेच सुचवतो.

गटात जे शिकायला मिळते ते मुख्यतः इतरांच्या कागदावरून. घाटावरची एकच दीपमाळ, एकाच सकाळच्या उन्हात, सात-आठ जणांनी रंगवलेली एका ओळीत पाहिली, की एकाने सावली आधी का मांडली, दुसऱ्याने नदी जवळजवळ कोरी का सोडली आणि आपण मात्र पायऱ्या मोजत का बसलो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. घरी एकट्याने कितीही सराव केला तरी ही तुलना मिळत नाही, आणि गट चालवण्याचे आमच्या मते हेच खरे कारण आहे.

चित्रकला अजिबात येत नसेल तर आले तर चालेल का?

चालेल. गटात चित्रकला शिक्षक आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे आहेत, गृहिणी आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले एक पेंटरकाकाही आहेत. फ्लेक्स आल्यावर त्यांचे काम कमी झाले, पण हातातली रेघ गेली नाही, आणि नव्या मुलांना ब्रश कसा धरावा हे दाखवण्यासाठी त्यांच्याइतका योग्य माणूस आमच्याकडे दुसरा नाही.

मात्र जलरंग हे ‘पी हळद आणि हो गोरी’ अशा घाईने येणारे माध्यम नाही, याची कल्पना असावी. पहिले काही महिने कागद फुगतो, रंग चिखलासारखे होतात आणि आकाशात कडा उमटतात. त्या काळात चित्रे पूर्ण करण्यापेक्षा पाण्याचे प्रमाण ओळखण्याकडे लक्ष द्यावे, असे आम्ही सांगतो: ब्रशमध्ये किती पाणी आहे, रंगात किती आहे आणि कागदावर आधीपासून किती आहे. या तिन्हींचा अंदाज आला की पुढचे बरेचसे सोपे होते.

रविवारच्या सकाळी नेमके काय होते?

उन्हाळ्यात साडेसहाच्या सुमारास आणि थंडीत त्याहून थोडे उशिरा जमतो. आल्याबरोबर कोणी बसत नाही. पंधरा-वीस मिनिटे नुसते फिरून जागा पाहायची, असा आमचा रिवाज आहे. त्यानंतर वहीत काडेपेटीएवढ्या दोन-तीन छोट्या चौकटी आखून त्यांत फक्त उजेड, मध्यम छटा आणि गडद भाग पेन्सिलीने मांडायचे. अनेकांना ही पायरी वेळ घालवणारी वाटते, पण पांढरा कागद कोठे राखायचा हे येथेच ठरते आणि जलरंगात तो निर्णय नंतर घेता येत नाही.

मग रेखांकन, पहिला सबंध वॉश (पातळ रंगाचा सलग थर), तो वाळेपर्यंत चहा, त्यानंतर मधल्या छटा आणि शेवटी गडद भाग. दीड ते दोन तासांत सावल्या इतक्या सरकतात की त्यापुढे चित्र आणि दृश्य यांचा संबंध उरत नाही, म्हणून आम्ही तेथेच थांबतो. पहिल्या अर्ध्या तासात सावल्यांची जागा पक्की करून घ्यावी आणि ऊन पुढे गेले तरी ती बदलू नये. नव्या सदस्यांच्या चित्रांत उजवीकडच्या झाडाची सावली एका दिशेला आणि मंदिराची दुसऱ्या दिशेला पडलेली दिसते, त्याचे कारण हेच असते.

चित्रे काढण्यासाठी कोणत्या जागा निवडता?

सर्वाधिक रविवार पंचगंगा घाटावर जातात. दगडी पायऱ्या, छोटी देवळे, दीपमाळा, धुणे धुणाऱ्या बायका, पोहायला आलेली मुले आणि पलीकडे शिवाजी पुलाच्या दगडी कमानी, एवढे सगळे एकाच ठिकाणी आणि चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नदीवर धुके असते, तेव्हा पूल अर्धाच दिसतो आणि ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याचा सराव करण्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

रंकाळ्यावर जाताना वेळ पाहून जागा निवडावी लागते. शालिनी पॅलेस तळ्याच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे सकाळी पूर्वेकडच्या काठावरून पाहिल्यास त्याच्या दर्शनी भागावर ऊन असते आणि संध्याकाळी तीच इमारत आकाशासमोर एक सलग गडद आकार होते. दोन्ही वेळा चांगल्या आहेत, पण संध्याकाळची वेळ नवशिक्यांना अधिक सोपी जाते, कारण खिडक्या आणि नक्षी मोजण्याचा मोह होत नाही. तळ्यातला दगडी संध्यामठ हा आमच्या सर्वांच्या आवडीचा विषय आहे. तळ्याची पातळी बदलते तसा तो कमी-जास्त पाण्यात असतो, त्यामुळे तीन ऋतूंत काढलेली त्याची तीन चित्रे वेगवेगळ्या वास्तूंची वाटतात.

शहराबाहेर पन्हाळा, जोतिबा आणि खिद्रापूर या आमच्या ठरलेल्या सहली आहेत. पन्हाळ्याला तीन दरवाजा आणि अंबरखाना येथे बसतो. सज्जा कोठीवरून खाली दिसणारा प्रदेश मोहक असला तरी तेथे पहिल्याच भेटीत बसू नये, कारण दूरवरचे सगळेच छान दिसते आणि चित्रात काहीच उरत नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोलाकार उघडे आहे. त्यातून येणारे ऊन खालच्या गोल शिळेवर आणि भोवतीच्या खांबांवर सरकत जाते, आणि उन्हातला खांब कोठे संपतो व सावलीतला कोठे सुरू होतो हे कडा न आखता दाखवणे ही आमच्यातील अनुभवी सदस्यांनाही दरवेळी नव्याने करावी लागणारी कसरत आहे.

ऊस हंगामात एखादे गुऱ्हाळ गाठतो. काहिलीतून उठणारी वाफ, चुलवणात चिपाड सारणारा माणूस आणि छपराच्या फटींतून तिरपे येणारे ऊन हे जलरंगासाठीच घडवून ठेवल्यासारखे दृश्य असते. वाफ पांढऱ्या रंगाने रंगवायची नसते. तिच्या जागेचा कागद ओला ठेवून भोवतीचा तपकिरी काळोख तिच्या दिशेने सोडायचा आणि तो स्वतःहून थांबेल तेथे थांबू द्यायचा. गुळव्या आणि त्याची माणसे कामात असतात, म्हणून काहिलीपासून लांब, त्यांच्या वाटेत न येता बसावे. जाताना गूळ विकत घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

अंबाबाई मंदिराच्या परिसरात चित्रे काढता येतात का?

मंदिराच्या आत आम्ही बसत नाही. भाविकांची रांग आणि सुरक्षाव्यवस्था पाहता तेथे बोर्ड मांडणे योग्य नाही. भवानी मंडपाच्या आसपास गर्दी नसलेल्या वेळी उभ्याने स्केच करता येते. नवरात्रात, तसेच ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीची किरणे देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याच्या, दिवसांत, महाद्वार रस्त्याच्या बाजूला जाणे पूर्णपणे टाळतो. पन्हाळा आणि खिद्रापूर ही संरक्षित स्मारके असल्याने तेथील कर्मचाऱ्यांना आधी विचारूनच ईझल (चित्र ठेवायची घोडी) लावावे. मांडीवर वही घेऊन बसणाऱ्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही.

सुरुवातीला कोणते साहित्य आणावे? रंग महागडे हवेत का?

पैसे मर्यादित असतील तर ते कागदावर खर्च करावेत, रंगांवर नव्हे. या एका मुद्द्यावर गटात मतभेद नाहीत. शाळेतील कार्ट्रिज कागदावर पाणी पडले की तो ढेकळांसारखा उंचसखल होतो, रंग खड्ड्यांत साचतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला वॉश देता येत नाही. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचा, शक्यतो शंभर टक्के कापसाचा, मध्यम खडबडीत पोताचा कागद घ्यावा. पूर्ण इम्पिरियल ताव ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा असतो. त्याचे चार तुकडे केले की २८ बाय ३८ सेंटिमीटरचा, दीड-दोन तासांत पुरा होणारा आकार मिळतो. एकाने एक ताव घेण्याऐवजी तिघांनी मिळून गठ्ठा घेतला तर स्वस्त पडतो, आणि गटात तशी वाटणी नेहमी चालते. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर पक्का चिकटवावा.

रंगांच्या बाबतीत विद्यार्थी दर्जाच्या ट्यूब सुरुवातीला पुरेशा आहेत. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर, एक फिकट पिवळा, एक किरमिजी आणि जमल्यास सेरुलियन किंवा कोबाल्ट ब्लू, एवढ्यांत कोल्हापूरचे जवळजवळ सगळे दृश्य बसते. हिरवा रंग तयार घेऊ नये. ट्यूबमधला हिरवा उसाच्या फडाला वापरला की फड प्लॅस्टिकचा दिसतो; पिवळा, अल्ट्रामरीन आणि कणभर बर्न्ट सायना यांतून केलेला हिरवा उसाच्या अधिक जवळ जातो. पॅलेटमध्ये काढून ठेवलेले रंग एप्रिलमध्ये वाळून तडकतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर पाण्याचे थेंब सोडून ठेवावेत.

ब्रश तीन पुरेत: बारा नंबरचा गोल, सहा नंबरचा गोल आणि आकाशासाठी एक रुंद चपटा. आजचे चांगले सिंथेटिक ब्रश टोक धरतात आणि पुष्कळ काळ टिकतात. लहान ब्रशांचा संच घेऊ नये, कारण हाताशी शून्य नंबरचा ब्रश असला की माणूस पहिल्या दहा मिनिटांतच खिडकीचे गज काढायला लागतो. याशिवाय पाण्याची दोन भांडी, जुने सुती कापड, टोपी आणि बसायला घडीचे स्टूल लागते. छत्री आणायची तर पांढरी किंवा काळी आणावी. रंगीत छत्रीखाली तिचाच रंग कागदावर पडतो आणि लाल छत्रीखाली रंगवलेली नदी घरी आल्यावर हिरवी निघते. कागदावर थेट ऊन येऊ देऊ नये. उन्हात चकाकणाऱ्या कागदावर कितीही रंग चढवला तरी तो फिका भासतो, म्हणून माणूस चढवत राहतो आणि घरात नेल्यावर चित्र काळवंडलेले दिसते.

घाटाचा आणि देवळांचा काळा दगड रंगवायला काळा रंग वापरावा का?

आमचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि कोल्हापुरात चित्रे काढणाऱ्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. येथील दगडाला आपण सवयीने काळा म्हणतो, पण सकाळी आठ वाजता घाटाच्या पायऱ्या नीट पाहिल्या तर उन्हातला वरचा पृष्ठभाग फिका, किंचित पिवळसर राखाडी असतो, उभी बाजू जांभळट असते, पाण्याजवळची ओली पायरी सर्वांत गडद असते आणि तिच्यात आकाशाची निळी झाक असते. पावसाळ्यानंतर काही महिने शेवाळाचा हिरवा थर राहतो आणि कोनाड्यातल्या देवाला लावलेल्या शेंदराचा नारिंगी उजेड भोवतीच्या दगडावर पडलेला असतो. ट्यूबमधला काळा लावला की हे सगळे एका फटकाऱ्यात नाहीसे होते आणि पायरीच्या जागी भोक दिसते.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना या दोन रंगांच्या मिश्रणातून हव्या तितक्या गडद राखाडी छटा होतात. निळा वाढवला की सावली थंड होते, बर्न्ट सायना वाढवला की ऊन लागल्यासारखी उबदार होते. अल्ट्रामरीनचे कण खडबडीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर जो रवाळ पोत उमटतो तो या दगडाला फार शोभतो. हे मिश्रण पॅलेटवर पूर्ण घोटू नये. अर्धवट मिसळलेलेच उचलावे आणि उरलेले कागदावर होऊ द्यावे. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून दगडाचा गडद भाग ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे.

पावसाळ्यात गट बंद असतो का?

बंद नसतो, पण जागा आणि पद्धत दोन्ही बदलतात. राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पाणी वाढू लागले की घाटाकडे जायचे नाही, असा गटाचा नियम आहे. चांगल्या चित्राच्या नादात पायऱ्या उतरून जाण्याला आमच्याकडे कौतुक मिळत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये छपराखाली बसतो. एखाद्या सदस्याच्या घरची ओटी, वाड्याची पडवी किंवा परवानगी घेऊन शाळेचा व्हरांडा पाहतो आणि पुढ्यातली वस्तू रंगवतो: तांब्याचा हंडा, भाजीची पाटी, कोल्हापुरी चपलांचा जोड. चपलांचे कातडे रंगवणे दिसते तितके सोपे नाही, कारण वापरून मऊ पडलेल्या पट्ट्यावर जी चमक येते ती नव्या जोडावर नसते. व्यक्तिचित्रेही याच काळात होतात. सदस्यच आळीपाळीने समोर बसतात.

दमट हवेत वॉश वाळायला एरवीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. अधीर लोक दुसरा थर लवकर चढवतात आणि पहिला उचकटतो. पण हाच काळ मऊ कडा, ढगाळ डोंगर आणि ओल्यावर ओले काम यांच्या सरावासाठी उत्तम असतो, आणि गगनबावड्याकडच्या रस्त्यावर एखाद्या उघडिपीच्या रविवारी गाडी थांबवून केलेली पाच मिनिटांची स्केचेस कित्येकदा उन्हाळ्यातल्या पूर्ण चित्रांपेक्षा सरस ठरतात. कोरा कागद मात्र या दिवसांत जपावा लागतो. ओल धरली की कागदावरचा सरसाचा लेप बिघडतो, मग रंग टीपकागदासारखा शोषला जाऊन जागोजागी काळपट ठिपके उमटतात आणि तो ताव वाया जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वरच्या फळीवर ठेवावा. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेले आहेत, त्यांना वरच्या फळीचे महत्त्व सांगावे लागत नाही.

रस्त्यावर बसल्यावर लोक भोवती जमतात, त्याचे काय करावे?

जमू द्यावे. कोल्हापुरात कोणी काही करत असेल तर चार माणसे उभी राहणारच, आणि त्यांतला एक जण ‘पाव्हणं, हे झाड तिथं न्हाई’ असे सांगणारच. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे बरोबर असते. पहिल्यांदा येणाऱ्यांनी पाठीशी भिंत किंवा झाड येईल असे बसावे, म्हणजे मागे कोणी उभे राहत नाही. महिला सदस्य आणि विद्यार्थिनींना एकटे बसावे लागू नये म्हणून आम्ही नेहमी दोन-तीन जण हाकेच्या अंतरावर बसतो.

एखाद्या माणसाला मुद्दाम चित्रात घ्यायचे असेल, विशेषतः जवळून, तर त्याला विचारावे. लांबची चार बोटे उंचीची आकृती असेल तर तसे करण्याची गरज नसते.

शेवटी होणाऱ्या चर्चेत काय बोलले जाते? टीका फार कडक असते का?

चित्रे भिंतीला किंवा पायरीला टेकवून एका ओळीत लावली जातात आणि सगळे चार-पाच पावले मागे जातात. आपल्या चित्राबद्दल चित्रकाराने आधी काही सांगायचे नाही, हा एकमेव नियम आहे. ‘वेळ कमी पडला’, ‘कागद खराब होता’ ही वाक्ये एकदा उच्चारली गेली की समोरच्यांचे डोळे चित्राऐवजी त्या सबबीकडे वळतात.

बोलणाऱ्याने नेमक्या जागेवर बोट ठेवावे अशी अपेक्षा असते. ‘छान आहे’ एवढे म्हणणे कोणाच्या उपयोगाचे नाही. ‘देवळाचा कळस आणि मागचे झाड एकाच गडदपणाचे झाल्याने कळस मागे गेला आहे’ असे सांगितले तर पुढच्या रविवारी काहीतरी बदलता येते. दुसऱ्याच्या चित्रावर विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही, मग सांगणारा कितीही ज्येष्ठ असो. मतभेद होतात, आवाजही चढतात, विशेषतः पारदर्शकतेच्या विषयावर. पण मिसळ खाताना सगळे एकाच टेबलावर असतात.

पांढरा किंवा अपारदर्शक रंग वापरणे चुकीचे आहे का?

हाच तो विषय. गटात दोन तट आहेत. एकाचे म्हणणे असे, की जलरंगातला पांढरा म्हणजे कागद, आणि तो राखता आला नाही तर ती उणीव पांढऱ्या रंगाने झाकू नये. दुसऱ्याचे म्हणणे असे, की चित्र चांगले झाले पाहिजे, साधनशुचितेचे व्रत कोणी घेतलेले नाही. या लेखकाचा कल पहिल्या बाजूला आहे, पण शिकण्यापुरताच: पहिले वर्षभर पांढऱ्या ट्यूबला हात लावला नाही तर आखणी करण्याची सवय लागते, त्यानंतर तारेवरचा कावळा किंवा उन्हात चमकणारी दोरी काढायला एखादा पांढरा ठिपका दिला म्हणून काही बिघडत नाही.

जलरंग हे फक्त फिकट, घाईच्या स्केचेसचे माध्यम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आठवावे. ते अनेकदा राजा रविवर्म्यांचे म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात ते सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे आहे आणि ते जलरंगात आहे. बोटांमधून झिरपणारा तो उजेड थरावर थर चढवून येतो.

फोटोवरून चित्र काढले तर चालते का?

घरी अवश्य काढावे. रविवारी मात्र समोर बसूनच काढायचे असते. मोबाइलचा कॅमेरा सावल्या काळ्या करतो किंवा आकाश पांढरे करतो, आणि फोटोवरून काढणारा तेच खरे मानतो. आठवणीसाठी एखादा फोटो काढून ठेवावा आणि घरी चित्र पुरे करताना रेखांकनासाठी तो पाहावा. रंग मात्र जागेवर केलेल्या छोट्या स्केचवरून घ्यावेत.

कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची मूळ चित्रे कोठे पाहायला मिळतात?

टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात. तेथे आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत आणि कोल्हापुरात ब्रश हातात धरणाऱ्याने ती पाहिलीच पाहिजेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत आलेल्या आबालालांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा या आपल्या रोजच्या जागा त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवल्या. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. आमच्या गटाला त्यांच्याकडून घेण्यासारखे सर्वांत मोठे हे, की त्यांनी विषयासाठी लांब जाण्याची घाई केली नाही. एकाच तळ्याची पहाट, दुपार आणि पावसाळी संध्याकाळ त्यांना पुरली.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांना महाराष्ट्र चित्रपटांमुळे ओळखतो, पण ते आधी चित्रकार होते, आणि त्यांचे नात्यातील भाऊ आनंदराव यांच्यासह त्यांनी रंगवलेल्या नाटकांच्या पडद्यांमुळे त्यांचे नाव आधी झाले होते. राजारामपुरीत अभिनेते चंद्रकांत मांढरे यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. पावडर शेडिंगमधील त्यांची निसर्गचित्रे जलरंगातली नसली तरी छटांचा अभ्यास म्हणून ती पाहण्यासारखी आहेत. मूळ चित्र पाहताना नाक काचेपर्यंत नेऊन, मग लांब जाऊन, असे दोन्ही प्रकारे पाहावे. छापील प्रतीत कागदाचा पोत दिसत नाही.

लहान मुलांना आणता येते का? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी होते का?

पालक सोबत असतील तर मुलांना जरूर आणावे. नदी किंवा तळ्याकाठी पालकांशिवाय मुलांची जबाबदारी गट घेऊ शकत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी येथे करून घेतली जात नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांना ठरावीक वेळ आणि ठरावीक अपेक्षा असतात, त्यांसाठी शाळेतील कलाशिक्षकांचे मार्गदर्शनच घ्यावे. दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलाला रविवारी सकाळी ओढून आणलेले असेल तर तो आम्हाला लगेच ओळखू येतो, आणि त्याच्याकडून आम्ही काहीच करून घेत नाही. त्याला बोटी मोजू देतो.

प्रदर्शन भरवता का, आणि चित्रांची विक्री होते का?

वर्षाकाठी एक सामूहिक प्रदर्शन भरवण्याचा प्रयत्न असतो. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाचे कलादालन त्यासाठी सोयीचे आहे, परंतु तारखा मिळण्यासाठी बरेच आधी अर्ज करावा लागतो. चित्रे निवडताना प्रत्येकाचे किमान एक चित्र लावले जाते. हा निर्णय दर्जाच्या दृष्टीने चुकीचा आहे असे काही ज्येष्ठ सदस्यांचे मत आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण आपले चित्र भिंतीवर, योग्य उजेडात, अनोळखी माणसासमोर पाहिल्यावर नव्या सदस्याच्या कामात जो फरक पडतो तो पाहता आम्ही तो नियम सोडलेला नाही.

विक्री झाली तर पूर्ण रक्कम चित्रकाराची. किंमत ठरवताना निदान कागद, माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी), चौकट आणि काच यांचा खर्च वजा होऊन काही उरेल एवढे पाहावे. नातेवाइकांना फुकट देण्याबाबत गटाचे कोणतेही धोरण नाही.

चित्र टिकावे म्हणून काय काळजी घ्यावी?

काचेला कागद चिकटू नये म्हणून मधे माउंट असावा, नाहीतर दमट हवेत तेथे बुरशी धरते. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये. काही रंग प्रकाशात उडतात. पारंपरिक अलिझरीन क्रिम्झन त्यांतला प्रसिद्ध, म्हणून ट्यूबवर छापलेला टिकाऊपणाचा दर्जा पाहून घ्यावा.

वर्गणी किती आहे?

नियमित वर्गणी नाही. सहलीचा गाडीखर्च, चहा आणि प्रदर्शनाचे भाडे सहभागी होणाऱ्यांत वाटून घेतले जाते. विद्यार्थ्यांकडून प्रदर्शनाचा वाटा घेत नाही.

रंगाचे पाणी कोठे टाकायचे?

नदीत किंवा रंकाळ्यात अजिबात नाही, झाडाच्या बुंध्यातही नाही. कॅडमियम आणि कोबाल्टसारख्या काही रंगद्रव्यांत जड धातू असतात. रिकामी बाटली सोबत ठेवून पाणी तिच्यात भरावे आणि घरी न्यावे. ब्रश धुण्यासाठी पाणीही घरूनच आणावे. घाटावर पूजा आणि स्नान चालू असताना तेथे ब्रश बुडवणे कोणाला आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. टेपचे तुकडे व कागद उचलले की नाही, हे शेवटी निघणाऱ्याने पाहायचे असते.

दर रविवारी येणे जमले नाही तर चालते का?

चालते. लग्नसराई, यात्रा आणि परीक्षा यांच्या दिवसांत निम्मे लोक येत नाहीत. जागा शुक्रवारपर्यंत ठरते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कळवली जाते. सहलीला येणाऱ्यांनी मात्र शनिवारी दुपारपर्यंत होकार द्यावा, कारण गाडी सांगावी लागते. पहिल्यांदा येणाऱ्याने साहित्य विकत घेऊन येण्याची गरज नाही. कागदाचा तुकडा, बोर्ड आणि एखादा जुना ब्रश कोणाकडे तरी जास्तीचा असतोच.